सहा बांगड्या, साबूत

संस्कृतीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या हातात पक्कड होती.

"बांगड्या फोडतो," तो म्हणाला. घाईत... अगदी सहज.

मालनबाई किंचाळल्या. उस्मानपुऱ्यातल्या त्या दवाखान्याचा अख्खा वॉर्ड वळून पाहायला लागला.

तीन वर्षं पाऊस फिरकला नव्हता. चिकलठाण्याकडं वसाहती मात्र वाढतच होत्या, आणि त्यांना पाणी पुरवायला रस्त्यावर टँकरच टँकर. त्यातल्याच एकानं सकाळी संस्कृतीच्या आत्याची, म्हणजे मालनबाईंची, मोटारसायकल उडवली. नवरा सर्जेराव वर आयसीयूत. आत्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या मनगटात सहा हिरव्या बांगड्या, वाचल्या तेवढ्याच.

केसपेपर — डावा हात: सूज. बोटं: निळसर.

"ह्यांचा जीव तिकडं टांगणीला, अन् ह्यो फोडतो म्हनतो!"

"फोडतो म्हणत नाहीत, वाढवतो म्हणतात!" संस्कृती कडाडली. "आईनं शिकवलं नाही?"

तो पांढराफटक. खिशावर नाव होतं: हिमांशू, स्टाफ नर्स. पक्कड त्यानं पाठीमागं लपवली. "चुकलं, आत्या."

"वाढवायच्याबी नाय! आज तर नायच!"

"धरा हात अन् टाका तोडून," डॉक्टर जाता जाता म्हणाले.

"नाही सर. त्या शुद्धीत आहेत. नको म्हणतायत."

केसपेपर — रुग्णाची इच्छा: नाही. नाही. नाही.

संस्कृती बघतच राहिली.

हिमांशूनं वर फोन लावला, मग स्टूल ओढून बसला. "काका शुद्धीवर येतायत. आता खरं सांगतो, आत्या. ह्या राहिल्या तर बोटांना जाणारं रक्त थांबेल, बोटं जातील. सांगणं माझं काम. हात तुमचा. न फोडता काढून बघू? पण दुखेल लई."

"दुखू दे. साबूत काढ."

त्यानं हात उंच धरला. बोटांपासून पट्टी आवळत आणली, वर साबणाचा फेस. एक बांगडी... दुसरी... त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरायला लागला, आणि संस्कृतीनं तो ओढणीनं टिपला. टिपल्यावर तिला कळलं आपण काय केलं!

"तुमची ओढणी..."

"खाली बघा. पाचवी अडकलीय."

सहावी निघाली. तो ट्रेमध्ये ठेवणार तोच...

"आरं! सवाष्णीचा चुडा असा उघडा टाकत्यात व्हय? कुनाच्या तरी हातात घाल!"

गोंधळून त्यानं जवळचा हात धरला. संस्कृतीचा. फेसानं ओल्या सहाही बांगड्या सरसर तिच्या मनगटात.

"आगं बया!" मालनबाई दुखणं विसरल्या. "कुवाऱ्या पोरीला हिरवा चुडा भरला की ह्यानं!"

हिमांशूचे कान लालभडक. "मी... तसं नव्हतं... माफ..." मग त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं — "काढू का?"

तिच्या हाताला ना सूज, ना दुखणं. फेस अजून ओलाच. एका झटक्यात निघाल्या असत्या.

"विचारलंत म्हणून सांगते..." संस्कृतीला स्वतःच्याच आवाजाचा धक्का बसला. "नको."