आळसाने काढू नका

“असं ओढलंत तर फाटेल.”

बोलून गेले, मग पाहिलं कुणाला बोलले ते. वॉर्डाबाहेरच्या बाकावर, माझ्या शेजारीच, हिरव्या कपड्यांतला एक तरुण डॉक्टर बाकाच्या दांड्याला दोऱ्याच्या गाठी मारत बसला होता.

“हे कापड नाही, ताई.”

“मग काय आहे?”

“पाणथरी. म्हणजे प्लीहा. आता नुसता सराव, दुपारी दोनला खरी असेल. कापडापेक्षा नाजूक... टाका घट्ट झाला की कापतच जातो.”

माझ्या हातातली सुई थांबली. दोनला माझ्या धाकट्या बहिणीलाच आत नेणार होते. परवा ती सायकलवरून पडली, हँडल डाव्या बरगडीखाली रुतलं. पोटात थांबलेलं रक्त आज सकाळी पुन्हा सुरू झालं. मोठे सर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “काढून टाकू. वीस मिनिटांचं काम. पाणथरीवाचून माणसं जगतात.”

कशी जगतात, हे विचारेपर्यंत ते पुढच्या खाटेशी पोचले होते. जसं काही जुनं अस्तर उसवायचंय!

“कशी जगतात?” मी आता यालाच विचारलं.

त्याने नजर चुकवली नाही. “बरीच जणं बरी जगतात. पण साध्या तापालाही आयुष्यभर घाबरायचं. काही जंतूंना तीच अडवते. तुमची बहीण एकोणीस वर्षांची आहे... मला तिची पाणथरी राखायचीय. सरांनी अर्धा तास दिलाय.”

“मग अडलंय कुठे?”

त्याने खिशातून जाळीचा तुकडा काढला. फाटलेला भाग काढायचा, उरलेल्याला या जाळीची पिशवी घालायची, तोंडाशी ओवलेला धागा ओढून आवळायची. धागा नंतर आतच विरघळतो. “सैल राहिली तर रक्त थांबत नाही. आवळली तर पाणथरी गुदमरते. पुस्तकात सोपं दिसतं हो.”

बारा वर्षं शिलाईचं दुकान चालवतेय मी. पुस्तकात सगळंच सोपं असतं.

“एकाच टोकाने ओढताय. चुण्या एका बाजूला गोळा होतात.” धाकटीने न खाल्लेल्या दोन पावांतला एक मी पाण्यात भिजवला, जाळीत ठेवला. “दोन्ही टोकं, एकदम. जरा ओढा, चुण्या सारख्या करा, मग पुन्हा ओढा.”

पहिल्या पावाचा लगदा झाला. दुसऱ्याचाही. मी कँटीनमधून आणखी सहा आणले. पाचवा... टिकला.

“बोट तिथेच धरा,” तो म्हणाला. “गाठ बसेपर्यंत.”

“गाठ कधीच बसलीय, डॉक्टर.”

त्याचे कान लाल झाले. बोट मात्र मीही काढलं नाही.

दोनला दाराशी तो थांबला. “रक्त थांबलं नाही तर काढीन. पाणथरीपायी तुमची बहीण पणाला लावणार नाही, ताई.”

“काढावीच लागली तर काढा. आळसाने काढू नका. आणि मला ताई म्हणणारी आत आहे. तिला परत आणा, ती म्हणेल.”

अर्धा तास झाला. कुणी बाहेर आलं नाही. तास झाला. धाकटीच्या गाऊनची किनार मी उसवली, शिवली, पुन्हा उसवली. रडायचं नाही, असं ठरवलं होतं.

दार उघडलं. तोच होता. “वरचा तुकडा गेला. खालचा राहिला... पिशवीत. रंग छान आहे.”

“आणि सर?”

“घड्याळ बघायचं थांबले. शेवटी म्हणाले, हे कुठे शिकलास?”

“काय सांगितलंत?”

“पावावर.”

तेव्हा मात्र मी रडले. हसत.

महिन्याभराने तो दुकानात आला. धाकटी कोपऱ्यात बसून माझ्यावर हुकूम सोडत होती. त्याने पांढरा कोट पुढे केला. “खिसा फाटलाय.”

मी कापड उजेडात धरलं. सरळ रेघ, एकही दोरा ओढलेला नाही.

“हा फाटलेला नाही. कापलाय. धारदार पात्याने.”

“हो,” तो म्हणाला. “दुसरं निमित्त... सापडेना.”

“ताई, तू लाजतेयस!” धाकटी ओरडली.

“तू गप्प बस.” मी कोट घडी करून माझ्याजवळ ठेवला. “वेळ लागेल याला. रोज येऊन बघून जावं लागेल.”

“किती दिवस?”

“मी आळसाने काही संपवत नाही, डॉक्टर.”