तीन वाजेपर्यंतची बातमी

आमची पहिली भेट परराष्ट्र खात्याच्या पत्रकार परिषदेत झाली, आणि तीही भांडणानं. निवेदनाची एकच प्रत उरली होती... तिचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याच्या.

"सोडा," मी म्हटलं.

"तुम्ही सोडा. पाहुण्याचा काही मान असतो की नाही?"

तो शेजारच्या देशातल्या वर्तमानपत्राचा बातमीदार; मी इथल्या दैनिकात उपसंपादक. बाहेर पाऊस कोसळत होता. शेवटी जिन्याखाली उभं राहून आम्ही ती प्रत दोघांत वाचली, खांद्याला खांदा लागणार नाही अशा बेतानं — आणि तरी एकदा लागलाच!

तेव्हापासून तो माझा 'पाहुणे' झाला. सीमेवर चकमक झाली की दुसऱ्या दिवशी स्वारी आपला पेपर घेऊन आमच्या कॅन्टीनमध्ये हजर.

"काय पाहुणे, काल कोण जिंकलं?"

"तुमच्या पेपरात तुम्ही, आमच्या पेपरात आम्ही. खरं काय ते मधल्या नदीला विचारा."

"नदी कुठे बोलते?"

"म्हणून तर ती अजून तुरुंगाबाहेर आहे, उपसंपादकबाई!"

असं हसवत हसवत वर्ष गेलं. एका संध्याकाळी छत्री मिटता मिटता त्यानं लग्नाचं विचारलं, आणि मी नुसती मान हलवली. विवाह नोंदणीची नोटीस दिली, महिन्याची मुदतही संपली. राहिल्या फक्त सह्या. त्या शुक्रवारी करायच्या होत्या, कारण त्याची आई तिकडून येणार होती.

आणि मंगळवारी सकाळी अकरा वाजता खात्याचं पाकीट आलं. माझी सही घेऊनच शिपायानं ते हातात दिलं. वर ठळक अक्षरांत — दुपारी तीनपूर्वी कुठेही उघड करू नये. आत चारच ओळी. सीमा आज मध्यरात्रीपासून बंद. पलीकडच्या नागरिकांनी सहाच्या शेवटच्या गाडीनं परतावं. थांबणाऱ्यांना अटक. इथल्या माणसाशी विवाह झालेल्यांना सूट.

ती शेवटची ओळ मी किती वेळा वाचली असेल, देवच जाणे. नोंदणी कार्यालयात सह्या दोनपर्यंतच व्हायच्या.

एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. पण दोन वर्षांपूर्वी अशीच बातमी बंदोबस्त लागण्याआधी फुटली, आणि सीमेवरच्या पुलावर चेंगरून एकोणीस माणसं गेली. ती सगळी नावं मीच पानात लावली होती. त्यात एक चार महिन्यांचं बाळ होतं.

बाराला तो जेवायला आला.

"ऐक ना... सह्या आजच करू या. आत्ता."

"अरे वा! एवढी घाई? दुसऱ्या कुणी मागणी घातली की काय?"

"थट्टा नको ना!"

"अगं, आईनं तिकीट काढलंय. एकुलता एक मी. तिच्या माघारी सही केली तर जन्मभर ऐकवेल."

"मी पडेन तिच्या पाया. चल ना —"

त्याचं हसू हळूहळू मावळलं. हातातला घास त्यानं ताटात ठेवला आणि माझ्या डोळ्यांत बघत विचारलं, "काही बातमी आहे का?"

अशा वेळी 'सांगू शकत नाही' म्हणायचं, हा आमच्या धंद्याचा रिवाज. पण तेवढं म्हटलं की समोरच्या बातमीदाराला सगळं कळतं. आणि तो कितीही माझा असला, तरी बातमीदार होता.

"नाही," मी म्हटलं.

"मग शुक्रवारीच," तो म्हणाला, आणि माझ्या ताटातली काकडी उचलून निघून गेला.

साडेपाचला फलाटावर तो एक बॅग घेऊन उभा होता. भोवती रडारड चालली होती.

"तुला कधी कळलं?"

"अकराला."

त्यानं बॅग खाली ठेवली. "म्हणजे जेवताना..."

"हो."

"बातमीदार म्हणून बरोबर केलंस. मीही हेच केलं असतं."

"आणि... बातमीदार नसतास तर?"

"ते विचारू नकोस गं. त्याचं उत्तर घेऊन मला चारशे मैल जायचंय."

गाडी हलली तेव्हा मी डब्याबरोबर चालत, पहिल्यांदाच तोंडानं म्हटलं, "माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"ही बातमी जुनी झाली," तो खिडकीतून म्हणाला. हसायला गेला... पण त्याला जमलं नाही.

ऑफिसात परतले. पान माझ्याकडेच होतं. रात्री उशिरा सीमेवरच्या चौकीवरून फोन आला — पुलावर कुणालाही इजा नाही. मी डोळे मिटून देवाचे मनापासून आभार मानले, आणि मग त्याच देवाशी मनातल्या मनात भांडले. पाठोपाठ परत गेलेल्यांचा आकडा आला. तीनशे सात.

मुख्य उपसंपादकांनी चष्म्यावरून पाहिलं. "पडताळलात?"

"हो सर," मी म्हटलं. "त्यातल्या एकाला मी स्वतःच गाडीत बसवून आलेय."