निराळ्या कळा

जयनगरच्या आमच्या नर्सिंग होममध्ये त्या दिवशी लेबर रूमला एकच पेशंट होती. प्रांजली, मूळची पुण्याची, मारतहळ्ळीला आयटीत. तारीख उलटली तरी कळा सुरू होत नव्हत्या, म्हणून मी सकाळीच कळांचं सलाईन लावलं. शेजारच्या खुर्चीत तिची आई, सुनंदाबाई, मोसंबी सोलत बसल्या होत्या.

थोड्या वेळाने प्रांजलीच्या पोटावर हात ठेवला. कळ हाताला समजते. हलकी असली तर पोट नाकाच्या शेंड्याइतकं टणक लागतं, जोराची असली तर कपाळाइतकं. तिचं पोट गालासारखं मऊ होतं. ती फोनवर ऑफिसचं बोलत होती. मी औषधाचा वेग वाढवला.

मोसंबी खाली घरंगळली. सुनंदाबाई खुर्चीचा हात धरून वाकल्या होत्या.

"आई, ॲसिडिटी असेल," प्रांजली म्हणाली.

मी वेग पुन्हा वाढवला. त्यांना दरदरून घाम फुटला. आमच्या रंजिता सिस्टरने ते पाहिलं.

"डॉक्टर, स्वल्प बंद करून बघू या?" ती आपल्या कानडी वळणाच्या मराठीत हळूच म्हणाली.

बंद केलं. हळूहळू सुनंदाबाई ताठ बसल्या, पदराने तोंड पुसलं. चालू केलं, तशा पुन्हा वाकल्या.

मी त्यांना पलीकडच्या खोलीत नेऊन निजवलं. ओटीपोटावर जुना आडवा व्रण होता.

"माझी पिशवी काढलीय हो," त्या ओशाळून म्हणाल्या. "ही कॉलेजात होती तेव्हाच."

सोनोग्राफी केली. पिशवी नव्हतीच. पण व्रणावर हात ठेवला तेव्हा पोट उचललं गेलं आणि कपाळासारखं कठीण झालं. प्रांजली आणि आमच्या मधे भिंत होती. तिकडे रंजिताने सलाईन थांबवलं आणि काही वेळाने इकडे माझ्या हाताखाली पोट सैल पडलं.

आतड्याला पीळ असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

दुपारी बाळाचे ठोके मंदावू लागले. सिझेरियन केलं. मुलगी झाली, खणखणीत रडली.

संध्याकाळी, प्रांजलीचं ते औषध पूर्ण थांबवून बराच वेळ झाल्यावर, मी सुनंदाबाईंकडे गेले. नातीला बघून येऊन त्या कुशीवर निजल्या होत्या.

"सलाईन काढलंत ना?" त्यांनी विचारलं.

"केव्हाच. आता बरं वाटेल."

"मघाच्या कळा एकदम आदळायच्या. श्वास घ्यायला उसंत नव्हती." त्या भिंतीकडे बघत बोलत होत्या. "आता निराळ्या येताहेत. कमरेतून निघतात, सावकाश पुढे येतात, मग ओसरतात. प्रांजलीच्या वेळी अशाच होत्या."

त्यांचा चेहरा शांत होता.

मी पोटावर हात ठेवला. कळ चढली, टिकली, उतरली.

पोट मऊ झालं.

मग आतून, अगदी हलकेच, कुणीतरी माझ्या तळहाताला ढुशी दिली.