एक पान हलेना

पहिल्याच दिवशी ती त्याच्या पायांना अडखळली. मशीनच्या कपाटाखालून दोन पाय तेवढे बाहेर आलेले, आणि ही आपली लॅपटॉपमध्ये डोकं घालून चाललेली.

“अहो, पाय!” कपाटाखालून आवाज आला.

“मग आवरून ठेवा की!”

“ठेवले असते हो... पण कुणी भेटायला येईल असं वाटलं नव्हतं.”

पायांमागून एक जाडजूड स्वेटर बाहेर आला, त्यावर कानटोपी आणि टोपीखाली असं काही हसू, की ती रागवायचंच विसरली. तो तिथला तंत्रज्ञ. ती वरच्या मजल्यावर मशीनच्या अगदी गाभ्यातला, कर्नेलचा, प्रोग्रॅम लिहायची. त्या दिवसापासून तिला, मशीन तापू नये म्हणून गार ठेवलेल्या त्या खालच्या खोलीत वरचेवर कामं निघू लागली. तिथली एकुलती एक खुर्चीही तिचीच झाली. आई रोज बजावायची, “अगं, तिथे हाडं गोठतात म्हणे. स्वेटर ने.” त्यावर ही ऐटीत सांगायची, “सगळे उगाच कुडकुडतात. मला नाही बाई थंडी वाजत!”

आज मात्र तिला घाम फुटला होता. शहरातल्या सगळ्या अॅम्ब्युलन्स याच मशीनच्या सांगण्यावर धावायच्या, आणि त्यातली मेमरीची एक पट्टी बिघडू लागली होती. मशीन चालू ठेवूनच पट्टी काढायची, त्यासाठी तर तिने प्रोग्रॅम लिहिला होता. पट्टीत नवं काही येऊ द्यायचं नाही, आणि आतल्या माहितीचं एकेक पान उचलून दुसऱ्या पट्टीत न्यायचं. भाडेकरूची झोपमोड न करता त्याला सामानासकट शेजारच्या खोलीत हलवावं, तसं! एक जरी पान मागे असताना पट्टी ओढली, तर मशीनच कोसळणार. साहेबांचा यावर काडीचा विश्वास नव्हता. “चारपर्यंत बघतो. नाहीतर सरळ मशीन बंद, आणि तुमचा प्रोग्रॅमही बासनात.” मशीन बंद म्हणजे तेवढा वेळ अॅम्ब्युलन्स वाऱ्यावर.

पट्टीच्या खिट्टीवर बोट ठेवून तो उभा होता. पानं भराभर हलली... आणि एक अडलं. पुन्हा प्रयत्न. पुन्हा तेच.

“ओढा ती पट्टी!” साहेब दारातून ओरडले. “एका पानाचं काय एवढं?”

“मॅडम म्हणतील तेव्हाच,” तो म्हणाला. त्याने वळूनही पाहिलं नाही, बोट तसूभर हललं नाही.

या माणसाला आपण केव्हाच मन देऊन बसलोय, हे तिला तेव्हा कळलं. ही काय वेळ होती कळायची!

ती पुन्हा पडद्याकडे वळली. “कुणीतरी पान धरून ठेवलंय... छतातून येणाऱ्या गार वाऱ्याच्या झोताला जोडलेला प्रोग्रॅम आहे. कुणाचा हा?”

तो हळूच म्हणाला, “माझा.”

“करतो काय?”

“काही नाही... म्हणजे... इथे कुणी कामाला बसलं, की खुर्चीवर येणारा गार झोत पलीकडे वळवतो.”

“पण इथे तर मी एकटीच बसते!”

“हो ना,” तो खिट्टीशीच बोलला.

तिचे गाल तापले. “बंद करा.”

“गारठाल—”

“करा म्हणते ना!”

उजव्या हाताचं बोट खिट्टीवरच ठेवून तो तिच्या खांद्यावरून वाकला आणि डाव्या हाताने त्याने प्रोग्रॅम बंद केला. गार वारा तिच्या अंगावर कोसळला. बापरे! दातावर दात आपटायला लागले. पण पान हललं. पट्टी रिकामी झाली.

“काढा!”

खट्. पट्टी त्याच्या हातात आली. कपाटातले दिवे लुकलुकतच राहिले, एकाही अॅम्ब्युलन्सला पत्ता लागला नाही. साहेबांनी घसा खाकरला. “उद्या दुसऱ्या मशीनवरही चढवा हा प्रोग्रॅम,” एवढं म्हणून ते निघून गेले.

त्याने आपला स्वेटर काढून तिच्या खांद्यांवर टाकला.

“इतके दिवस सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं, तर तुम्ही स्वेटर घालून आला असता. मग तुमच्यासाठी... करायला मला काय उरलं असतं?”

तिने स्वेटर घट्ट लपेटून घेतला. “प्रोग्रॅम अगदीच गबाळा आहे तुमचा. मी नीट लिहून देते. ऊठ म्हटलं की उठेल, असा.”

“आणि मी?”

“तुम्ही मुळीच हलायचं नाही. म्हणजे... रविवारी हलायचं. आमच्या घरी यायचं आणि माझ्या आईला सांगायचं, तिच्या लेकीला थंडी का वाजत नाही ते.”