मांड्या आंबल्या होत्या तोवर

"थांबा, थांबा, थांबा!"

मी ओरडले आणि अंगावर येणाऱ्या पाठीला हात टेकवला. नाहीतर ती पाठ मला घेऊन खाली गडगडलीच असती. ऑफिसच्या जिन्यात कठडा धरून मी उलटी उतरत होते... आणि वरून हा गृहस्थही तसाच, पाठमोरा, पायरी चाचपडत येत होता!

"माफ करा हं," मान वळवून तो म्हणाला, "मांड्या आंबल्यात. सरळ उतरलं की जीव जातो."

"माझाही!" मी म्हणाले आणि हसले. हसल्यावर पोटही दुखलं.

पावसाळाभर बंद असलेला आमच्या मंडळाचा खो-खो दिवाळीनंतर सुरू झाला होता. चार महिने नुसतं टायपिंग केलेली मी, पहिल्याच रविवारी वेड्यासारखी पळाले. हा वाल्मीक, वरच्या मजल्यावरच्या हिशेब विभागातला. गाव घोटी. तो रविवारी वडलांबरोबर भात सोंगायला, कापायला शेतात उतरला होता.

"आई म्हणाली, राहू दे, तुला नाय जमायचं. मग काय, पेटलो इरेला."

"आणि?"

"आणि काय... चपलेत पाय घालायला वाकता येईना!"

दुसऱ्या दिवसापासून ऑफिस सुटलं की आम्ही दोघं उलटे, हळूहळू, बरोबर उतरायला लागलो. लोक हसायचे. हसेनात का!

"आज कसंय?" तो विचारायचा.

"कालच्यापेक्षा जास्त. तुमचं?"

"विचारूच नका..." आणि असा बघायचा, की माझी पायरीच चुकायची.

मग एका सकाळी उठले आणि... दुखतच नव्हतं! उठाबशा काढून पाहिल्या. काही नाही. इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! आता कुठल्या तोंडाने उलटी उतरू? दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता; एकच पत्र तीनदा टाइप केलं. संध्याकाळी जिन्यात तो दिसला आणि मी कठडा धरून म्हणाले, "आई गं!" तोही कण्हला. मला हायसं वाटलं.

ते टिकलं घरी पोचेपर्यंत. इंदिरानगरच्या आमच्या खोल्यांत आई पोळ्या लाटत होती.

"मैना, रविवारी नांदगावहून पाहुणे येतायत तुला बघायला. आणि त्यांच्यासमोर खो-खोचं नाव काढशील तर बघ!"

रविवारी! आणि जिन्यातला तो वेडा... त्याने तर अजून काहीच विचारलं नव्हतं!

शनिवारी अर्धा दिवस ऑफिस. उलटं उतरता उतरता मी एका दमात सांगून टाकलं. माझ्या खालच्या पायरीवरचा वाल्मीक थांबला. वळला. आणि माझ्याकडे पाठ करून खालीच बसला.

"चांगलं स्थळ असेल," तो म्हणाला.

असा राग आला मला! "एवढंच?"

"मग काय बोलू, मॅडम? तुमच्या मनात काय आहे, मला कसं कळावं? तुम्ही काहीतरी म्हणाल म्हणून... कधीचा थांबलोय मी."

घ्या! म्हणजे हाही थांबलेला आणि मीही. आमच्या खेळात बसलेला गडी खो मिळाल्याशिवाय उठत नाही. उठला तर फाउल! पण खो द्यायचा कुणी? मागे तर मीच उभी होते.

मी वळले, वाकले आणि त्याच्या पाठीवर सण्णकन थाप मारली.

"खो!"

सगळा जिना दणाणला. तो दचकून मागे बघायला लागला. "म्हणजे...?"

"म्हणजे उठा आणि पळा! बाबा आज घरीच आहेत. जाऊन विचारा त्यांना." आता थांबणार कोण? "मला तुम्ही हवे आहात. नांदगावचे नकोत."

तो उठला आणि सरळ तोंडाने, दोन-दोन पायऱ्या टाकत सुसाट खाली सुटला.

"अहो, तुमच्या मांड्या!"

"गुरुवारीच बऱ्या झाल्या!" खालून आवाज आला.

लबाड कुठला! मी कठडा सोडला आणि त्याच्यामागे धावले, तेही सरळ, दोन-दोन पायऱ्या टाकत. आमच्या घराचा पत्ता त्याला कुठे ठाऊक होता!