धामणवाडीची भरती-ओहोटी

बुधवारी दुपारी तालुक्याच्या कचेरीत तार आली. 'विहिरीत विष. कासव बेपत्ता. मेळावा शुक्रवारी. सरपंच, धामणवाडी.'

आरोग्य निरीक्षक नृसिंह धर्माधिकारी यांनी ती दोनदा वाचली. विषाच्या तारा त्यांना नव्या नव्हत्या. त्र्याहत्तरच्या त्या दुष्काळी मे महिन्यात कसल्याच तारा नव्या नव्हत्या. कासवाची मात्र ही पहिलीच. त्यांनी तिच्यावर 'पाहणी व्हावी' असा शेरा मारला, आणि पाहणी करणारे आपणच आहोत हे आठवल्यावर गुरुवारी पाथर्डीहून सुटणारी पहिली एसटी धरली.

मेळाव्याचं प्रकरण असं होतं. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून एक परिपत्रक निघालं होतं. सागरकिनाऱ्यावरच्या गावांनी स्वयंसेवक दलं उभारावीत, पाणी स्वच्छ राखावं, लोकांना त्याचं शिक्षण द्यावं, भरती-ओहोटीची रोज नोंद ठेवावी आणि कासवांना अभय द्यावं. ते जायचं कोकणात, पण कुठल्याशा गठ्ठ्यातून आलं धामणवाडीला. धामणवाडीपासून समुद्र दीडशे मैल. परिपत्रक परत पाठवायचं तर कारण लिहावं लागतं, आणि 'आमच्याकडे समुद्र नाही' असं सरकारला लेखी कळवायची कोणाची हिंमत झाली नाही.

शाळेच्या सुमंत मुळे गुरुजींनी मग समुद्राच्या जागी विहीर धरली आणि बाकीचं जसंच्या तसं पाळलं. विहिरीवर स्वयंसेवक दलाची पाळीपाळीनं राखण, आणि राखणाऱ्यांना नोंदीपुरती अक्षरं शिकवायचा दलाचा वर्ग. काठावर पाय धुवायचे नाहीत. दर शनिवारी संध्याकाळी ब्लीचिंग पावडर पडली की सकाळपर्यंत पोहरा सोडायचा नाही. दुष्काळात आजूबाजूच्या चार गावांत पटकी झाली, धामणवाडीत झाली नाही. हे यश वर कळलं. वर कळल्यामुळे 'किनारा संरक्षण मेळावा' धामणवाडीतच घ्यायचं ठरलं.

धर्माधिकारी शाळेत पोचले तेव्हा अकरा वाजले होते आणि त्यांची जीभ टाळूला चिकटली होती.

"आधी तांब्याभर पाणी द्या, गुरुजी."

ओसरीवर, हाताच्या अंतरावर, मोठा रांजण होता. त्यावर फळी, फळीवर धोंडा. गुरुजींनी रांजणाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं.

"थांबा, घरनं आणतो. हे जरा कोमट झालंय."

आणि मुळे गुरुजी, वय पंचेचाळीस, उन्हात धोतर सावरत घराकडे पळाले.

धर्माधिकाऱ्यांनी तोवर भिंतीवरचा फळा वाचला. वर सुंदर अक्षरात 'भरती-ओहोटी नोंद'. सोमवार: भरती निरंक, ओहोटी तीन बोटं. मंगळवार: भरती निरंक, ओहोटी तीन बोटं. भरतीच्या रकान्यात खालपासून वरपर्यंत निरंकच. फळ्याच्या कोपऱ्यात मुलांना घातलेलं एक गणित अर्धवट पुसलेलं होतं. 'मेळाव्याची माणसे तीनशे. सडा, स्वयंपाक, पाहुण्यांच्या आंघोळी मिळून पिंपे चाळीस. तर विहिरीत शिल्लक...' उत्तर पुसलेलं होतं.

पाणी आलं. ते घरचंही कोमटच होतं.

विहीर कोरड्या तळ्याच्या पोटात होती. काठावर दोन बैलगाड्या आणि रिकामी पिंपं उभी होती. पिंपांना गेरू लावून वर 'स्वागतम्' लिहिलेलं होतं. सरपंच कारभारी गर्जे त्यांच्या सावलीत बसले होते.

"कधी कळलं?" धर्माधिकाऱ्यांनी विचारलं.

"मंगळवारी, दिवस कलता कलता. बाया पान्याला आल्या तर हा वास! डोळ्यांतून पानी. अन् कासव न्हाई."

"कासव रोज दिसतं?"

"आमच्याकडं हरेक हिरीत कासव सोडत्यात, साहेब. घान खातं, पानी जितं ठेवतं. कासव हाय तवर प्यायचं. आजोबाच्या टायमाचं हुतं ते."

"मेलेलं सापडलं?"

"गळ टाकून बघितलं. न्हाई. इरघळलं आसंल."

"कासव?"

"फवारनीचं औषध लई जहाल असतंय," सरपंच ठामपणे म्हणाले.

धर्माधिकारी पायऱ्या उतरून खाली गेले. पाण्यालगतच्या दगडावर पांढरट रेघ होती. त्यांनी ती नखानं खरवडली, बोट नाकाशी नेलं आणि रुमालाला पुसलं.

"संशय कोणावर?"

"संशय कशाला? तीन वाजल्यापास्नं राखणीला कडूबाई हुती. परवाच भांडली माझ्याशी. म्हनं चाळीस पिंपं नेली तर आमी काय प्यावं? आता बघा. सध्या नदीवरनं गाडीनं पानी आनून वाटतोय. पंचायतीनं ठरवलंय, उद्यापास्नं त्यात तिची पान्याची पाळी बंद."

"आणि तिनं प्यायचं काय?"

"तीन कोसांवर नदीच्या वाळूत खनलेला झिरा हाय की."

"घरी कोण असतं तिच्या?"

"आंधळी सासू. अंथरुनावर." सरपंचांनी नजर पिंपांवर ठेवली. "नियम म्हंजे नियम, साहेब. आमचं गाव शिस्तीत पयलं आलंय."

धर्माधिकाऱ्यांनी मान हलवली. गेल्या सहा महिन्यांत ती इतक्या वेळा हलवली होती की तिचा होकाराशी काही संबंध उरला नव्हता.

"मंगळवारी गाव कुठं होतं?"

"रस्त्याच्या कामावर, खडी फोडायला. चारला सुकडी वाटली. मंगळवारीच वाटत्यात. ज्याची त्याच्या हातात, अंगठा घिऊन. दुसऱ्याच्या नावानं आईला सुदिक देत न्हाईत."

"रस्ता किती लांब?"

"आर्दा मैल."

कडूबाई दारात बसून सासूला वारा घालत होती. चाळिशीची, काटक बाई. साहेबांना बघून उठली, पदर घेतला.

"बसा, साहेब. च्या न्हाई. सुकडी हाय, घ्या. मंगळवारचीच हाय, ताजी."

धर्माधिकाऱ्यांनी दुष्काळी कामावर मिळणाऱ्या त्या खाऊचा तुकडा घेतला. गोड होता. हळूहळू चावला.

"मंगळवारी राखणीला तुम्ही होतात?"

"व्हय. तिनापास्नं दिवस बुडंपर्यंत."

"मध्ये कुठं गेलात?"

"न्हाई. जागची हालले न्हाई."

"कोणी आलं?"

"परकं कुनी न्हाई."

"डोळा लागला असेल."

"उन्हात कुनाचा डोळा लागतुया?" ती जरा हसली. मग हसू आपसूक गेलं. "साहेब, पाळी बंद झाली तर मी चालीन तीन कोस. माझं न्हाई काई. पन जायला-यायला आर्दा दीस जातो, कामावरचा खाडा पडतो, अन् मागं म्हातारीला कोन बघंल?"

आतून म्हातारी म्हणाली, "कडे, कोन आलंय?"

"सरकार आलंय, आत्या."

"पानी आनलंय का त्यानं?"

धर्माधिकारी उठले.

तीन वाजता धर्माधिकाऱ्यांनी सरपंचांना, कडूबाईला आणि गुरुजींना शाळेच्या ओसरीवर बोलावलं. मागोमाग सगळं गावच आलं. दुष्काळात करमणूक फुकट असली की गर्दी होते.

"विहिरीत विष नाही," धर्माधिकारी म्हणाले. आवाज हजेरी घेतल्यासारखा. "ब्लीचिंग पावडर आहे. तुम्ही शनिवारी टाकता तीच, पण चार-पाच पट. दगडावर अजून आहे. वार चुकला आणि मात्रा वाढली, म्हणून तुम्हाला विष वाटलं."

"मंग कासव?" सरपंच म्हणाले.

"तिथंच तर मीही अडलो. विष घालणारा माणूस कासव कशाला नेईल? मेलेलं कासव पाण्यावर तरंगलं असतं तर त्याचं काम जास्तच चांगलं झालं असतं. ज्यानं पावडर टाकली त्यानं आधी कासव काढून घेतलं, कारण एवढ्या पावडरीत ते जगलं नसतं. म्हणजे गाव पाण्यावाचून राहिलं तरी चालेल, पण कासव मरता कामा नये, असा माणूस. कासवांना अभय. असं कुठंतरी लिहिलेलं आहे म्हणतात."

कोणीतरी खोकलं. गुरुजी खडूचा तुकडा बोटांत फिरवत होते.

"आता कडूबाई. त्यांनी मला सुकडी दिली. मंगळवारची. मंगळवारी सुकडी चारला, अर्ध्या मैलावर, स्वतःच्या अंगठ्यानं मिळते. म्हणजे त्या विहिरीवरून हलल्या होत्या."

"बघा!" सरपंच ओरडले. "मी म्हनलो नव्हतो?"

"बसा, सरपंच. आजूबाजूच्या गावांत पटकी होती तेव्हासुद्धा ज्या बाईनं राखण सोडली नाही, ती विहीर उघडी टाकून गेली नसेल. कोणीतरी जागेवर थांबलं म्हणून गेली. परकं कोणी नव्हतंच, त्या खरं बोलल्या. कडूबाई, कोण थांबलं होतं?"

कडूबाईनं जमिनीकडे पाहिलं. "मी न्हाई सांगनार. माझ्यापायी त्यांचं नाव नको."

"नका सांगू. मी सकाळी इथं आलो तेव्हा तहानलेला होतो. समोर रांजण. गुरुजी मात्र घरी पळाले, आणि कोमट पाणी नको म्हणून दुसरं कोमट पाणी घेऊन आले. गुरुजी, तो धोंडा काढता का?"

गुरुजी उठले नाहीत. सरपंचांनीच धोंडा काढला, फळी उचलली आणि आत वाकून पाहिलं. आतून त्यांच्याकडेही कोणीतरी पाहिलं.

"आयला!" सरपंच म्हणाले. मग शाळा आहे हे आठवून त्यांनी टोपी नीट केली.

 गुरुजी खाली बघून बोलले.

"मेळावा इथं आला तो माझ्यामुळेच. अहवाल मीच पाठवला. मग मुलांना सहज गणित घातलं. चाळीस पिंपं उपसली तर शिल्लक किती? उत्तर आलं, गाळ. पाणी वाचवायच्या मेळाव्याला सगळं पाणी जाणार. मी तीन अर्ज केले. उत्तर आलं, 'मेळाव्यात पाणी-बचतीवर आपले भाषण ठेवले आहे.'"

"आणि कडूबाई?"

"तिला मीच म्हटलं, जा, सुकडी घेऊन ये, मी थांबतो. कोणाला सांगणार नाही. मेळावा रद्द झाला की शनिवारी कासव सोडणार होतो. तेव्हा सगळं सांगणार होतो."

"पाळी शुक्रवारपासून बंद होणार होती, गुरुजी."

गुरुजींनी मान डोलावली. खडू मोडला होता.

कडूबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ती रागावली नव्हती. रागाला लागणारं काही तिच्यात शिल्लक नसावं.

"गुरुजी, दोन दीस मला वाटलं, तुमी माझ्यासाठी गप हाय. मी राखन सोडली ते झाकायला. म्हनून मी तुमच्यासाठी गप हुते."

 रांजणातलं कासव तेवढं खळबळलं.

सरपंचांचा चेहरा मात्र उजळला. "म्हंजे पानी चांगलं हाय! विष न्हाई! मंग मेळावा हुतोय की उद्या! ए, गाड्या जुपा!"

धर्माधिकाऱ्यांनी पिशवीतून पॅड काढलं. कार्बन घातला. लिहिता लिहिताच बोलले.

"मात्रा चौपट झाल्यास विहीर आणखी तीन दिवस बंद. थेंबही उपसायचा नाही. सडा नाही, आंघोळ नाही. तोवर गावाला टँकर मागवतो. राखण कडूबाईंची. पाळी पूर्ववत." त्यांनी सही केली. "नियम आहे, सरपंच."

नियम म्हटल्यावर गाव गप्प झालं. शिस्तीत पहिलं आलेलं गाव. हा नियम कुठल्या पुस्तकात आहे, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर धर्माधिकाऱ्यांनाही शोधावं लागलं असतं.

मेळावा घोडेगावच्या बाजारतळावर, गुरांच्या दावणींच्या मधोमध झाला. पाणी-बचतीवरचं भाषण दुसऱ्या कोणीतरी केलं. मुळे गुरुजींची शिक्षा म्हणून भंडारदऱ्याच्या बाजूला बदली झाली. तिथं धरण आहे, चार महिने पाऊस कोसळतो, आणि पाण्याचं महत्त्व पटवून देण्यासारखं माणूस मैलोन्‌मैल सापडत नाही. जाताना ते कडूबाईच्या दारावरून गेले. थांबले. ती झाडत होती. तिनं झाडू थांबवला नाही, पण त्यांच्या पायांवर धूळ जाऊ नये म्हणून हात बदलला.

सोमवारी धर्माधिकारी विहीर उघडायला आले. कासव पाण्यात होतं. शाळेत अजून दुसरे गुरुजी आले नव्हते. फळ्यावर नोंद मात्र झालेली होती, वाकड्यातिकड्या, दलाच्या वर्गात शिकलेल्या अक्षरांत. कोणी उपसलं नाही म्हणून झऱ्यांनी आपलं काम केलं होतं.

सोमवार. ओहोटी: निरंक. भरती: सहा बोटं.

धर्माधिकाऱ्यांनी खिशातून वही काढली, आकडा उतरवून घेतला, आणि धुऊन विहिरीच्या पाण्यानं नव्यानं भरलेल्या रांजणातून तांब्याभर पाणी काढून प्याले. पावडरचा वास येत होता. त्यांनी आणखी एक तांब्या घेतला.