कोठारामागची नोटीस

"अबे देवीदास, चेंडू कोठारामागं गेला! तूच मारला, तूच आण!"

"मी नाही जात! तिकडं काटे आहेत!"

शेवटी शीलाच गेली. काट्यांतून वाट काढत ती कोठाराच्या मागच्या भिंतीशी पोचली, आणि तिथून तिची हाक आली, "लवकर या! शेळी नोटीस खाऊन राहिली!"

१९९३ सालची मे महिन्याची सुट्टी होती. शहरातल्या हुडको वसाहतीत राहणारी शीला, तिचा धाकटा भाऊ अरुण आणि दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमधून आलेला चुलतभाऊ देवीदास दोन सायकली घेऊन हथखोजपलीकडच्या या खेड्यात आले होते. वसुंधरा आत्या इथल्या बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायची. आज ती मीटिंगला दुर्गला गेली होती, म्हणून पाटीवरच्या पेन्सिली पोचवायला तिघंच आली होती.

शेळीला हाकलून शीलानं कागद वाचला. गावचं तळं मासे पाळायला तीन वर्षांसाठी द्यायचं होतं. अर्ज आज दुपारी तीनपर्यंत घेणार होते. गटानं अर्ज केला, तर सगळ्या सभासदांनी हजर राहायचं होतं. खाली तारीख आठ दिवसांपूर्वीची!

"पंचायतीचा फळा तर रस्त्यावर आहे. मग नोटीस इथं कावून?" शीला म्हणाली.

"शेळ्यांले तळं पाहिजे असल!" देवीदास हसला.

शीला मात्र हसली नाही. पहिला वर्ग शिकून झाल्यावरही त्यातल्या बारा बायकांनी एकमेकींना सोडलं नव्हतं. दर आठवड्याला थोडे थोडे पैसे एका डब्यात टाकून त्यांनी बचत गट उभा केला होता. वर्षभर त्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती, आपलं तळं, आपले मासे. आजवर ते बाहेरच्या ठेकेदाराकडेच जायचं. कपडे धुवायला गेलेल्या बायकांवरही त्याचा माणूस खेकसायचा.

गटाची प्रमुख तुळसाबाई अंगणात महुआची फुलं वाळवत होती. शीला धापा टाकत सांगू लागली, तशी ती उठली. "थांब नोनी, थांब पोरी. मीच वाचते."

कोठारामागं जाऊन तिनं कागदावर बोट ठेवलं. एकेक अक्षर जोडत, ओठ हलवत ती शेवटच्या ओळीपर्यंत पोचली. मग तिनं भिंतीवरून हात फिरवला. तळवा पांढराशुभ्र झाला.

"ही छुहीची पांढरी माती आपल्या गटातल्या भागाबाईनं परवाच लावलीय," ती हळूच म्हणाली, आणि तिनं कागद अलगद सोलून काढला. मागं ओली खळ होती, आणि खळीला पांढरी माती!

"म्हणजे आठ दिवसांपूर्वी लावलेलाच नाही!" अरुण ओरडला.

"आठ जणी गावात आहेत, मी धरून," तुळसाबाई म्हणाली. "चौघी वीटभट्टीवर. दोन कोस."

"आमच्या सायकली आहेत ना!" शीला म्हणाली. "अरुण, तू गावात घरोघर पळ!"

काय ते ऊन! काय ती अंग भाजणारी लू! देवीदासची चेन दोनदा उतरली. भट्टीवर पोचताच शीलानं हाक दिली, आणि डोक्यावरच्या विटा खाली ठेवून चौघी निघाल्या. दोघींना कॅरिअरवर बसवलं, दोघी चक्क बाजूनं धावत आल्या. वाटेत एकीची चप्पल तुटली. ती तिनं हातात घेतली, पण थांबली नाही.

तीनला दहा मिनिटं कमी असताना बारा बायका पंचायतीत शिरल्या. ठेकेदार चहा पीत होता. ब्लॉकचे अधिकारी कागद आवरत होते. सचिव दचकलाच.

"आता आलात? आठ दिवस नोटीस लागली होती!"

"कुठे?" तुळसाबाईनं विचारलं.

"कोठाराच्या भिंतीला."

भागाबाई पुढं आली. "ती भिंत मी परवा सारवली, साहेब. नोटीस आधीची असती, तर मातीखाली दडली असती. ही बघा, माती तिच्या पाठीला चिकटलीय."

अधिकाऱ्यांनी कागद उलटसुलट पाहिला. मग सचिवाकडे असं पाहिलं की त्याला घाम फुटला. ठेकेदारानं कप खाली ठेवला.

"गावातल्या गटाचा हक्क पहिला," अधिकारी म्हणाले. "अर्ज भरा."

सवयीनं सचिवानं शाईचा पॅड पुढं सरकवला. तुळसाबाईनं तो बाजूला केला आणि पेन मागितलं.

एकीमागून एक बारा जणी पुढं आल्या. विटांच्या धुळीनं माखलेली बोटं पेन घट्ट धरत होती. कुणाचं नाव ओळीवरून वर चढलं, कुणाचं खाली घसरलं. कुणी घाई केली नाही, आणि कुणी त्यांना घाई करायला सांगितलं नाही. दारात उभ्या शीलाच्या अंगावर काटा आला. आपण रोज वहीवर नाव लिहितो, ते असं असतं?

अर्ज मंजूर झाला, तेव्हा अधिकारी खुर्चीतून उठून उभे राहिले. "आणि ही मुलं कुणाची?"

"आमचीच," तुळसाबाई म्हणाली. "आज ही नसती, तर तळं गेलं होतं."

संध्याकाळी घरी आत्यानं तिघांना पोटाशी धरलं. शीलाचे बाबा पोलादाच्या प्लँटच्या ऑफिसातून नुकतेच आले होते. त्यांनी सगळी हकीगत दोनदा सांगायला लावली.

"मी दिवसाला शंभर सह्या मारतो," मग ते म्हणाले. "शाब्बास पोरांनो! रविवारी मले तिकडे घेऊन चला. त्या बायांले भेटायचं आहे मले."